उन्हाळ्यात मिटणारा माणूस

आमच्या घरमालकांचा आवाज होळीनंतर बसायला लागायचा. खोकला नाही, घसा धरलेला नाही. विहिरीचं पाणी कळत न कळत खाली जातं, तसा तो रोज थोडा खाली जायचा. संक्रांतीला दूधवाल्याशी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं भांडणारा माणूस पळस फुलून झडेपर्यंत दोन-चार शब्दांवर आलेला असायचा. आणि अक्षय तृतीयेला, म्हणजे इकडच्या भाषेत अक्तीला, त्यांचं बोलणं बंदच पडायचं. मग थेट पावसाळ्यात.

हे मला खोली घेताना कोणी सांगितलं नव्हतं. मी भिलाईत आले ती कुम्हारीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून. माहेर दुर्गचं, पण तिथून रोज ये-जा करायची नव्हती. त्याची कारणं इथं नकोत. हुडको कॉलनीतल्या एका घराचा वरचा मजला रिकामा आहे असं कळलं. एकट्या बाईला घर देताना लोक नवरा कुठं, आईवडील कुठं, परत कधी येता, अशी उलटतपासणी घेतात. या काकांनी एवढंच विचारलं, मी उन्हाळ्यात गावी जाते का. मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि किल्ली माझ्या हातात आली. मला वाटलं, काय भला माणूस आहे. खरं कारण मे महिन्यात कळलं.

काका स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. सगळी नोकरी भट्टीवर गेली. मूळ घर तुमसरकडचं, भातशेतीचं, पण वडिलांच्या वेळेपासून मुक्काम भिलाईलाच. उंच, हाडकुळे, कपाळावर ठिणगीनं भाजल्याचा जुना डाग. गल्लीतली तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, सगळी माणसं त्यांना काकाच म्हणायची. माघारी काय म्हणायची ते मी लिहीत नाही.

पावसाळ्यात मात्र त्यांच्याइतका वाचाळ माणूस मी पाहिला नाही. अनवाणी फिरायचे, फाटकाशी चिखलात पाय घालून उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून बातम्या द्यायचे. मृगाचा किडा निघाला, टिटवीनं यंदा अंडी उंचावर घातली, नाल्याला मांगूर मासा चढला. भूक राक्षसी. डोक्यावर दाट केस. दिवाळीनंतर ते जरा माणसात यायचे, थंडीत उन्हाला पाठ देऊन तीळ, गूळ, शेंगदाणे खात बसायचे आणि अंगावर मांस चढवायचे. मग माघात समोरचा कडुनिंब पानं टाकू लागला की यांचे केस गळायला लागायचे. ओट्यावर, बाथरूममध्ये, जिन्यात केसांचे पुंजके. मी लॅबवाली, मी थायरॉइड तपासून घ्या म्हटलं. ते झाडाकडं बोट करून म्हणाले, पहिले त्याची तपासणी कर. पावसाळ्यात केस खरंच परत यायचे.

त्यांचं म्हणणं असं की या मुलखातल्या प्रत्येक जिवाला दोनच गुरुजींनी झोडपून शिकवलंय, एक पाणी आणि एक ऊन. साग पानं टाकून देतो, कारण पान म्हणजे खर्च. पळस आधी पानं टाकतो आणि मग उघड्या अंगानं फुलतो. सालवृक्ष ऐन उन्हाच्या तोंडावर कोवळी पानं काढतो, कारण त्याच्या मुळांना खाली ओल सापडलेली असते. ज्याची मुळं खोल त्यानं उन्हात मिरवावं, बाकीच्यांनी मिटावं. आपण भिलाईची माणसं कंपनीच्या नळावर वाढलेली, आपली मुळं कुठं खोल आहेत, असं ते विचारायचे. इथला उन्हाळा जिंकायचा नसतो, काढायचा असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते म्हणताना ते हसत नसत.

माझ्या बाथरूमच्या भिंतीवर एक गोगलगाय चिकटली होती. शंखाच्या तोंडावर पांढरा, कडक पापुद्रा. मेली म्हणून मी झाडूनं पाडणार, तोच काकांनी जिन्यावरून हात दाखवून थांबवलं. तेव्हा त्यांचं बोलणं जवळजवळ संपत आलं होतं. "मेली नाही," ते पुटपुटले. "दार लावून घेतलं तिनं." त्यानंतर मी रोज आंघोळ करताना तिच्याकडं पाठ करायची. आत कोणीतरी बसलंय हे कळल्यावर कपडे काढवेनात.

अक्तीच्या सकाळी ते बाजारातून नवी घागर आणायचे. पितरांच्या नावानं घागर भरायची आपल्याकडं रीतच आहे; ते आपल्या बायकोच्या नावानं भरायचे. वर आंबा ठेवायचे, हात जोडायचे आणि दुपारी मधल्या खोलीत जाऊन आतून कडी लावायचे.

अक्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी ती खोली मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी दारातच थबकले. चांगली मोझॅकची फरशी सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, उखडून, खाली खणून तिथं गावच्या शेतातली माती गुडघाभर भरलेली होती, वरून शेणानं सारवलेली. खिडक्यांना ओली गोणपाटं. खाट नाही, पंखा नाही, बल्बसुद्धा काढून टाकलेला. दाराला खाली एक सरकती फळी, मांजर जाईल एवढी. माझं काम एकच. संध्याकाळी लॅबमधून आले की त्या फळीतून बासीचा कटोरा आत सारायचा आणि आदल्या दिवशीचा रिकामा न्यायचा. बासी म्हणजे रात्री शिजवून पाण्यात टाकलेला भात. अर्धा छत्तीसगढ उन्हाळा त्यावरच काढतो.

"कटोरा भरलेला वापस आला तं घाबरू नको," ते म्हणाले. "पाऊस लागला का मी येतो. त्याच्या पयले दार उघडजो नको."

पहिला उन्हाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. खालचं घर रिकामं वाटायचं असं म्हणावं तर तेही खरं नाही. ते भरलेलं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी दुपारी गल्लीत चिटपाखरू नसायचं. कावळे चोची उघड्या टाकून सावलीत, खारी फांदीवर पोट टेकून पसरलेल्या, कुत्री नळाखालची ओली माती उकरून त्यात. सगळी वस्ती दम धरून पडलेली. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले की मधल्या खोलीच्या भिंतीकडं बघायचं टाळायची, कारण तिथं बाहेरून भेक, ते खरखरीत कातडीचे बेडूक, बसलेले असायचे. एका ओळीत, प्रत्येकाची एक कूस भिंतीला लावलेली. आतल्या मातीची ओल भिंतीतून त्यांना लागत असणार, हे मला समजत होतं. पण एका दुपारी त्यांच्या शेजारीच एक लांबलचक धामण वेटोळं करून पडलेली दिसली. ती त्यांना खात नव्हती आणि ते तिला घाबरत नव्हते. मी ओले कपडे तसेच बादलीत घेऊन वर गेले आणि खोलीतच वाळवले.

मग कटोरा भरलेला परत येऊ लागला. एक दिवस, दुसरा दिवस, मग मोजणं सोडलं. मी दाराला कान लावला. आत एक श्वास ऐकू आला. त्यानंतर इतका वेळ काहीच नाही की मी फोन हातात घेतला, आणि तेवढ्यात दुसरा श्वास. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, काकांचं हे दरसालचं आहे, तू तुझी बासी ठेवत जा. तिच्या सुरात काळजी नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पाऊस लागला त्या दिवशी कडी निघाली. बाहेर आलेला माणूस मातीच्याच रंगाचा होता. केस नाहीत, भुवया नाहीत, अंगावरची कातडी कोरड्या सालपटासारखी सुटलेली. डोळे एकाच वेळी उघडत नव्हते. माझ्याकडं न बघता ते अंगणात जाऊन पाण्यात बसले आणि तोंड वर करून तसेच राहिले. मी दाराआड उभी राहून बघत होते. संध्याकाळी तेच काका जिन्याखालून ओरडले, "पोरी, आज भाजी कायची केली?" मला हसावं की रडावं कळेना. मी वांग्याची भाजी नेऊन दिली आणि ते पातेलं पुसून खाल्लं त्यांनी.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते त्यांनीच त्या पावसाळ्यात सांगितलं. पूर्वी ते उन्हाला जुमानत नसत. भट्टीपुढं उभं राहणाऱ्याला सूर्याची काय मातब्बरी, ही घमेंड. नवतपा चालू होता, म्हणजे जेठातले ते सगळ्यात कडक नऊ दिवस. भिलाई-३ या वस्तीत नात्यातलं लग्न होतं. ऑटो मिळेना म्हणून हे भर दुपारी पायीच निघाले, झपाझप पुढं, आणि बायको मागं. जरा थांबा, असा तिनं मागून आवाज दिला. मुहूर्त टळून जाईल म्हणून हे थांबले नाहीत, वळलेही नाहीत. मांडवात पोचल्यावर यांनी मागं पाहिलं, तर ती नव्हती. लू लागून ती रस्त्यातच कोसळली होती आणि संध्याकाळपर्यंत गेली. त्यांनी फरशी उखडली ती पुढच्या उन्हाळ्यात. त्यांची मुलगी तेव्हा शिकायला बाहेर होती. नंतर ती पुण्याला नोकरीला लागली आणि तिकडचीच झाली.

बेडकांची गोष्टही तेव्हाचीच. लहानपणी गावची बोडी, म्हणजे लहान तळं, उन्हाळ्यात खोदत असताना ढेकळांतून बेडूक निघाले, सुकलेले, डोळे मिटलेले. कोणीतरी दया येऊन त्यांच्यावर घागरभर पाणी ओतलं. ते जागे झाले, डोळे उघडून बसले, आणि वर ऊन आणि खाली भेगा. जमिनीत परत जायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. काका सांगत होते, ते बेडूक ओरडलेही नाहीत, नुसते बघत राहिले आणि तसेच वाळले. अर्धवट उठवलेला जीव धड कोणाचाच नसतो, एवढं म्हणून ते पुन्हा नाल्याला किती पाणी आलं ते बघायला निघून गेले.

पुढचे उन्हाळे मी सरावले. माणूस कशालाही सरावतो. मीच आता शेजारणीच्या सुरात बोलत होते. अशातच एका वैशाखाच्या शेवटी काकांची मुलगी आली.

ती इतकी वर्षं दिवाळीतच यायची. दिवाळीचे काका कोणालाही आवडतील असे. उन्हाळ्यात ते फोन उचलत नाहीत, हे तिला माहीत होतं. पण बाप गावी जातो, तिथं रेंज नाही, असं शेजाऱ्यांनी आणि खुद्द काकांनी तिला सांगून ठेवलं होतं. या वेळी ती न कळवता आली, गावी जाऊन त्यांना घेऊन पुण्याला न्यायचं ठरवून. मी संध्याकाळी परतले तर ती मधल्या दारापुढं जमिनीवर बसली होती, बॅग अजून खांद्यालाच. तिनं फळी सरकवून आत पाहिलं होतं.

ती माझ्यावर तुटून पडली. म्हाताऱ्या माणसाला तुम्ही जनावरासारखं फटीतून जेवण देता, लॅबमध्ये काम करता आणि डॉक्टरला बोलवावंसं वाटलं नाही का, असं बरंच. मला राग आला, कारण ते बरोबर होतं. तरीही मी तिला बेडकांची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेतली तिनं, आणि मग सावकाश म्हणाली, "दीदी, बाबा बेंडूक नाहीत. बाबा आहेत."

तिला बाप हवा होता, जिवंत आणि बोलता. मला भीती ही होती की दार फोडलं तर दोन्ही हातचं जाईल.

ती रोज दारापाशी बसून हाका मारायची. बाबा, मी आली. बाबा, दार उघडा ना. सुरुवातीला रागानं, मग लाडीगोडीनं, मग नुसतं रडत. आतून काही नाही. नवतपा लागला. आकाश पितळी झालं, वारा तोंडावर चटका देऊन जायला लागला. आत थोडा तरी गारवा पोचावा म्हणून तिनं मोठा पत्र्याचा कूलर आणला आणि मागच्या बाजूनं, काकांच्या खिडकीशेजारी लावला. नळाची नळी त्याला जोडून दिली, म्हणजे सारखं पाणी ओतायला नको. त्या कूलरचा आवाज, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्यांवरून पाणी ठिबकतं तो, वरून माझ्या खोलीत अगदी झडीसारखा यायचा. आत पाणी थांबवणारा बॉल असतो तो अडकला होता, आणि टाकी भरून पाणी सारखं अंगणात वाहत होतं. हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही. कटोरा पुन्हा भरलेला परत येत होता, आणि आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी तिनं सुताराला सांगितलं, उद्या सकाळी ये आणि दार काढ.

तो रविवार होता. दुपारी मी पडले होते आणि मागच्या अंगणातून आवाज आला, डराव. मी उठून बसले. पुन्हा डराव, आणि त्याला लांबून दुसऱ्याचं उत्तर. खिडकीतून पाहिलं तर अंगणाच्या कोपऱ्यात डबकं साचलं होतं आणि त्यात हळदीसारखा पिवळाधम्मक बेडूक गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून बसला होता. नर बेडूक असे पिवळे होतात ते फक्त पावसाळ्याच्या तोंडावर. भिंतीवरच्या गोगलगायी शिंगं काढून चालू लागल्या होत्या. सगळीकडं पांढरं ऊन होतं, आणि त्या एका कोपऱ्यात आषाढ.

मी खाली धावले. जिन्यात असतानाच कडी निघाल्याचा आवाज आला.

काका चौकटीला धरून उभे होते. मुलगी जागची हलली नाही. त्यांनी आकाशाकडं पाहिलं नाही. भिंतीला धरत मागं गेले, पाऊल चिखलात ठेवलं आणि बराच वेळ तसेच राहिले. "यंदा लवकर लागला," ते म्हणाले. मुलीनं माझ्याकडं एकदा पाहिलं. त्या नजरेत, बोलाल तर खबरदार, असं होतं. मग ती जाऊन त्यांना बिलगली आणि म्हणाली, "हो बाबा. लवकर लागला."

त्यानंतर आम्ही दोघींनी त्या अंगणात पाऊस चालू ठेवला. दुसरा शब्द मला सापडत नाही. मागच्या पडवीच्या पत्र्यावर नळी सोडली, म्हणजे काकांना वर टपटप ऐकू येईल. पडवीला बाहेरून हिरवी जाळी आणि गोणपाट बांधलं, म्हणजे उजेड मऊ, काळसर होईल आणि ऊन दिसणार नाही. सुताराला परत पाठवलं. मुलगी कूलरजवळ राखण करत बसायची. पाणी थांबलं की तिचा जीव वर-खाली व्हायचा. काका पडवीत खुर्चीवर बसायचे, चार घास खायचे, तिच्याशी बोलायचे. तिच्या शाळेतल्या गोष्टी, तिच्या आईनं शिवलेले फ्रॉक. तिला तर स्वर्ग ठेंगणा झाला होता. मला मात्र त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. पावसाळी काकांचा तो आवाजच नव्हता. केस उगवत नव्हते. कातडी मातीच्याच रंगाची राहिली होती.

आणि त्या अंगणात जीव गोळा होत होते. रस्त्याचं डांबर मऊ झालेलं, पाय ठेववत नाही असं, आणि त्यावरून भेक उड्या मारत आमच्या फाटकाकडं यायचे. संध्याकाळी सगळ्या हुडकोत फक्त आमच्या अंगणातून वाळवीचे पंखवाले किडे उठले. टिटव्या घरावर घिरट्या घालत ओरडायच्या. डबक्यात बेडकांनी अंडी घातली, बुळबुळीत काळ्या ठिपक्यांचा तवंग. कुंपणाच्या आत हिरवे कोंब आणि बाहेर सगळं जळून गेलेलं. लोक गच्चीवर उभे राहून मोबाइलवर फोटो काढायचे. एकदा फाटकाशी कोणीतरी उदबत्ती लावून गेलं. मी मुलीला म्हटलं, हे थांबवायचं कसं? ती म्हणाली, खरा पाऊस येईपर्यंत थांबवायचंच नाही, बस.

मग ट्रान्सफॉर्मर उडाला. नवतप्यात दर दोन-तीन वर्षांनी उडतोच. लाइट गेली, मोटर बंद, टाकी रिकामी. पत्र्यावरची टपटप थांबली आणि तिच्या पाठोपाठ बेडूक गप्प झाले. आम्ही शेजाऱ्यांकडून बादल्या आणून ओतल्या, पण जमीन पाणी गिळत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डबक्याच्या जागी चिखल, मग चिखलाला भेगा. अंड्यांचा तवंग वाळून मातीला चिकटला. पिवळे बेडूक मळकट होऊन बसून राहिले होते. काका खुर्चीत बसून ते सगळं बघत होते. मुलगी म्हणाली, येईल आता, थोड्या वेळात येईल. लाइट येईल की पाऊस, ते तिनं सांगितलं नाही.

"मले मालूम होतं, पोरी," काका म्हणाले. "पावसाले मातीचा वास असते. मले खसचा येऊन राहिला होता."

ती त्यांच्या पायाशी बसली. "मंग बाहेर कावून आले, बाबा?"

"तू बोलावून राहिली होती." मग ते म्हणाले, "तुया मायनं बी बोलावलं होतं मागून. मी वळून नाही पाह्यलं. तुयावेळी बी तसंच करू का?"

ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, चला आत, मी पुन्हा माती ओली करते, दार लावून घ्या, मी पाऊस लागेपर्यंत हाक मारणार नाही. त्यांनी मान हलवली. आता ते होत नाही, एवढंच म्हणाले. मग जरा हसून त्यांनी तिला विचारलं की पुण्याला नेतो म्हणत होती ना, चाल मग. तिनं त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी दुर्गहून सुटणाऱ्या गाडीची तिकिटं काढली आणि त्यांची बॅग भरली. मला त्या दोघांचाही राग आला होता, आणि त्या रागातच मी त्यांच्या शर्टाला कोळशाची इस्त्री करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाडीला अजून वेळ असताना, ते इस्त्रीचा शर्ट घालून पडवीतल्या खुर्चीत बसले होते आणि डोळे उघडे होते. मुलीनं मला हाक मारली. मी रोज लोकांच्या शिरा शोधते; काकांच्या मनगटावर बोटं ठेवून मी थांबले, आणि कोणासाठी थांबले नसेन इतका वेळ थांबले. पूर्वीचे ते दोन श्वास, मधलं ते अंतर, सगळं माझ्या कानात होतं. मला खात्री देता येईना. चौकातले डॉक्टर आले, त्यांनी खात्री दिली आणि तसं लिहूनही दिलं. उन्हाळ्यात ठेवून घेता येत नाही, संध्याकाळच्या आत उरका, असं ते जाताना शेजाऱ्यांना म्हणाले.

मुलीनं काही वाद घातला नाही. तिनं फक्त विचारलं, "दीदी, बरसातपर्यंत थांबलो असतो तं?" ती मुक्तिधामपर्यंत येणार म्हणाली, तेव्हा मीही निघाले. सूर्य कलला होता, पण ऊन तसंच होतं. खांदेकऱ्यांना लागेल म्हणून एका शेजाऱ्यानं थंड पाण्याचा कॅन बरोबर घेतला होता.

अर्ध्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली ठेवतात, तशी ती ठेवली. माणसं घाम पुसत बाजूला झाली. मुलीनं तो कॅन उचलला. कोणाला कळायच्या आत ती तिरडीपाशी गुडघ्यावर बसली, तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि सगळं पाणी त्यांच्या कपाळावर, डोळ्यांवर, छातीवर सावकाश ओतलं. मग कॅन बाजूला ठेवून ती त्यांच्याकडं बघत बसली.

तिला कोणीतरी उठवायला हवं होतं. तिथं प्लांटमध्ये यंत्रं चालवणारी, शिकलेली, कोणत्याही खुळाला हसणारी माणसं होती. मीही होते, बोटांनी नाडी पाहिलेली. कोणी पुढं झालं नाही, कोणी घड्याळ पाहिलं नाही. सगळे त्या ओल्या चेहऱ्याकडं बघत उभे राहिले. मीही बघत होते, आणि त्या क्षणी मी मनापासून वाट पाहत होते.

नवतप्याच्या वाऱ्यात पाणी वाळायला वेळ लागत नाही. कपाळ कोरडं झालं, मग गाल, मग शर्टाची कॉलर. ते पूर्ण वाळल्यावर तिनं स्वतःच कापड परत तोंडावर ओढलं, उठून उभी राहिली आणि आम्हाला म्हणाली, "उचला."